भीती घेऊनच प्रार्थनेला बसा

प्रश्न : माझ्या यजमानांच्या पोटात गाठ निघाली आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे आणि गाठ कसली ते त्यानंतरच नक्की कळेल, असं डॉक्टर म्हणतात. मी लहानपणापासून ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) वाढले, रोज प्रार्थना करते. पण आता गुडघे टेकले की डोळ्यांसमोर नको नको ते येतं, छाती धडधडते आणि बसताना होती त्याहून जास्त भीती घेऊन मी उठते. रात्री तीनला जाग येते ती उजाडेपर्यंत. भिंतीवर बायबलमधलं स्तोत्र 91 लिहून लावलंय, ते दिवसातून कितीदा तरी वाचते. मंडळीतल्या एका बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘भीती म्हणजे अविश्वास. शंका धरून केलेली प्रार्थना देव ऐकत नाही.’ आम्ही दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं ठरवलं, तर तेही तिला विश्वासात कमी पडल्यासारखं वाटलं. तेव्हापासून मनात बसलंय की यांना काही झालं तर ते माझ्या भीतीमुळे होईल. नऊ वर्षांची मुलगी विचारते, ‘पप्पांना काही होणार नाही ना?’ तिला काय सांगू? यांच्यासमोर मी हसतमुख राहते. माझी भीती त्यांना सांगावी का?

उत्तर :

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण एका वाक्याला आधी हात घालते, कारण त्याने तुमचा जीव सर्वांत जास्त पोखरला आहे. यजमानांना काही झालं तर ते तुमच्या भीतीमुळे होईल, असं तुम्ही लिहिलंय. हे खरं नाही. कुणी कितीही प्रेमाने सांगितलं असलं तरी खरं नाही, आणि ज्या पवित्र शास्त्राच्या नावाने ते तुमच्या गळी उतरवलं गेलं, त्यातच त्याचं उत्तर आहे.

प्रेषितांची कृत्ये, 12वा अध्याय काढा. हेरोद राजाने येशूचा शिष्य याकोब, योहानाचा भाऊ, याला तलवारीने मारलंय. ते लोकांना आवडलं म्हणून त्याने दुसरा शिष्य पेत्र यालाही धरून तुरुंगात टाकलंय आणि चार चार शिपायांच्या चार तुकड्या त्याच्यावर बसवल्या आहेत. मंडळी रात्री एका घरात जमून त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करते आहे. देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, पेत्र चालत चालत त्याच घराच्या दाराशी येतो आणि दार ठोठावतो. रूदा नावाची एक मुलगी दाराशी जाते. त्याचा आवाज ओळखून तिला इतका आनंद होतो की दार उघडायचंच विसरून ती आत धावते : पेत्र आलाय! आणि प्रार्थनेला बसलेली माणसं तिला काय म्हणतात? ‘तू वेडी आहेस.’ ती हट्टच धरते, तेव्हा म्हणतात, त्याचा देवदूत असेल. पेत्र बिचारा बाहेर दार ठोठावतोच आहे.

ही माणसं ज्याच्यासाठी प्रार्थना करत होती ते दाराशी येऊन उभं राहिलं, तरी त्यांचा विश्वास बसेना. शंका असली की देव ऐकत नाही, हा नियम खरा असता तर पेत्र सकाळपर्यंत तुरुंगातच असता. त्या घरात भीती होती. नुकतंच आपलं एक माणूस त्यांनी गमावलं होतं. अशा माणसांनी थरथरत जी काही प्रार्थना केली असेल, ती देवाला पुरली.

याच अध्यायाची दुसरी बाजूही तुमच्यासमोर ठेवते, कारण ती लपवली तर मी तुमची फसवणूक करेन. पेत्र सुटला, याकोब मारला गेला. याकोबासाठी कुणी गुडघे टेकले नसतील, असं मला वाटत नाही. एक वाचला, दुसरा गेला, आणि हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकाने कुठेही असं लिहिलेलं नाही की याकोबाच्या लोकांचा विश्वास तोकडा पडला. कारण दिलेलंच नाही. जिथे वचन कारण देत नाही तिथे आपणही ते शोधून कुणाच्या माथी मारू नये, स्वतःच्या तर नाहीच.

मंडळीतल्या त्या मैत्रिणीच्या मनात बहुधा याकोबाच्या पत्रातलं ते वचन असणार : काही संशय न धरता विश्वासाने मागावे. (हा याकोब वेगळा.) पण तिथे मागायचं आहे ते ज्ञान, आणि ज्याला दटावलंय तो ‘द्विबुद्धीचा’ माणूस आहे. देवाकडे जायचं की नाही, हेच त्याचं ठरत नाही. तुमचं तसं नाही. रात्री तीनला जाग आली की तुम्ही ज्याच्याकडे वळता तो देवच आहे ना? मग तुमचा निर्णय झालेला आहे. छाती धडधडते तो शरीराचा भाग आहे.

येशू नावेत झोपला असताना वादळ आलं, ती गोष्टही तुम्हाला कुणी ऐकवेल. ‘तुम्ही इतके भित्रे कसे?’ असं प्रभूने शिष्यांना विचारलं होतं, हे खरंच आहे. शिष्यांनी त्याला काय म्हणून उठवलं होतं, तेही वाचा : गुरुजी, आपण बुडतोय, तुम्हाला काळजी नाही का? ही काही नम्र प्रार्थना नव्हे, सरळ तक्रार आहे. मार्काच्या वृत्तांतात आधी वारा शमतो आणि मग तो प्रश्न येतो. मत्तयात आधी प्रश्न, मग वारा. क्रम उलटा असला तरी दोन्हीकडे येशू उठला तो त्या घाबरलेल्या हाकेनेच. आधी भीती टाका, मग उठतो, असं तो म्हणाला नाही.

आता गेथशेमानेबद्दल, म्हणजे येशूने अटकेच्या रात्री जिथे प्रार्थना केली त्या जागेबद्दल, जरा सावकाश बोलते. तुमच्या प्रश्नाचा गाभा मला तिथे सापडतो.

येशूला त्या रात्री भीती वाटली. शुभवर्तमानं हे झाकत नाहीत. तो अस्वस्थ झाला, व्याकूळ झाला, माझ्या जिवाला मरणप्राय खेद झाला आहे असं मित्रांना म्हणाला. लूकाने तर घामाचं वर्णन केलंय, रक्ताच्या मोठमोठ्या थेंबांसारखा जमिनीवर पडणारा घाम. म्हणजे शरीरानेही भीती धरली होती. अशा वेळी त्याने तीन माणसं बरोबर नेली आणि जागे राहा म्हणून विनवलं. मग काय मागितलं? हा प्याला माझ्यापासून टळून जावो. साधं, उघड मागणं. नंतर ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ तेवढ्याने मन शांत झालं असतं तर तो उठून मित्रांकडे आला असता आणि प्रश्न मिटला असता. पण तो पुन्हा गेला. परत आला, पुन्हा गेला. मत्तय लिहितो की तिसऱ्यांदाही त्याने तेच शब्द बोलून प्रार्थना केली. देवाच्या पुत्राला नवे शब्द सुचले नाहीत असं म्हणायचं धाडस मी करत नाही, पण त्याने नवे शब्द शोधले नाहीत एवढं नक्की. तेव्हा तुमच्या तोंडून रात्रभर ‘यांना वाचव’ एवढंच निघत असेल तर त्याची लाज बाळगू नका.

आपल्याकडे एक घाई होते. आजारपण आलं की सभ्य विश्वासू माणूस लगेच ‘प्रभूची इच्छा पूर्ण होवो’ म्हणून मोकळा होतो. ते वाक्य थोर आहे, पण ते गेथशेमानेतलं दुसरं वाक्य आहे. पहिलं गिळून टाकून दुसरं म्हटलं तर ते ओठांवरच राहतं. तुम्ही पहिलं वाक्य पुरेपूर म्हणा. मला नवरा हवा आहे, माझ्या मुलीला बाप हवा आहे, गाठ साधी निघू दे. नाव घेऊन मागा. दुसरं वाक्य आज निघत नसेल तर नसू दे. जेव्हा निघेल तेव्हा ते तुमचं स्वतःचं असेल.

इब्री लोकांस पत्रात या प्रार्थनेबद्दल एक विलक्षण ओळ आहे. येशूने मोठा आक्रोश करत, अश्रू गाळत विनवण्या केल्या आणि ‘त्याचे ऐकण्यात आले’, असं तिथे म्हटलंय. आणि तरीही दुसऱ्या दिवशी क्रूस होताच. मग ऐकलं गेलं म्हणजे काय? मला यातून एवढं उमगतं : बापाने पुत्राचा हात त्या रात्री सोडला नाही, मरणातही सोडला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याला मरणातून उठवलं. मागितलं ते त्याच रूपात मिळणं, हे ऐकलं जाण्याचं एकमेव लक्षण नव्हे. हे वाचून तुम्हाला लगेच बरं वाटेल असा माझा दावा नाही. पण उद्या निकाल मनासारखा लागला नाही तर ‘देवाने ऐकलंच नाही’ या खड्ड्यात तुम्ही पडू नये, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आता प्रार्थनेत भीती वाढते त्याबद्दल. याचं कारण मला असं दिसतं की सुरुवात देवाशी बोलण्याने होते आणि दोन मिनिटांत आपण स्वतःशीच बोलायला लागतो. ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांचा चेहरा, मग पुढचं सगळं, एकामागून एक. शेवटी आमेन म्हटलं तरी ती काळजीची उजळणीच झालेली असते. स्तोत्रकर्तेसुद्धा भीती बोलून दाखवतात, पण ‘तू’ म्हणून कुणालातरी उद्देशून. स्तोत्र 13 घ्या. सहाच ओव्या आहेत. हे परमेश्वरा, तू मला कुठवर विसरणार, अशी सुरुवात. मग माझ्याकडे पाहा, ऐक, असं मागणं. आणि अगदी शेवटी, मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. हे स्तोत्र मोठ्याने वाचा, आवाजाने मन जागेवर राहतं. आणि तुमची स्वतःची भीती बोलायची तर एका वेळी एकच आणि ती देवाला सांगा : ‘प्रभू, तुला माहीत आहे, मला रिपोर्टची भीती वाटते. ही तुझ्यासमोर ठेवते.’ मग थांबा. पुढचं चित्र डोळ्यांसमोर यायला लागलं की तिथेच प्रार्थना संपवा, उठा, पाणी प्या. गुडघे टेकल्यावरच छाती धडधडत असेल तर काही दिवस खुर्चीत बसून, डोळे उघडे ठेवून, नाहीतर चालता चालता प्रार्थना करा. त्याने तुमची भक्ती कमी होत नाही.

तीन वाजताच्या जागरणासाठी तर लांबलचक प्रार्थना नकोच. 5व्या शतकात योहान कासियान नावाच्या मठवासी लेखकाने मिसरच्या वाळवंटातल्या संन्याशांची एक जुनी रीत लिहून ठेवली आहे. ते स्तोत्र 70 ची पहिली ओळ घोकत राहायचे : हे देवा, मला सोडवायला ये, हे परमेश्वरा, माझ्या साहाय्याला धावून ये. झोपताना, उठताना, काम करताना, भीती दाटून आली की तीच ओळ. तुम्ही ती अर्धी श्वास घेताना म्हणा, अर्धी सोडताना, सावकाश. तेही जमलं नाही तर नुसतं ‘प्रभू येशू’ म्हणा. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलंय की आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. म्हणजे तुमचे शब्द संपले तरी तुमच्यासाठी चाललेली प्रार्थना संपत नाही. आणि कृपा करून त्या वेळी मोबाईल उघडून गाठींबद्दल शोधत बसू नका.

झोपेबद्दल डॉक्टरांशी बोला. हे मी अगदी गंभीरपणे सांगते आहे. रात्रीमागून रात्री अशा गेल्या की मन काळ्याशिवाय काही पाहूच शकत नाही. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. बोलणं त्यानंतर.

भिंतीवरचं स्तोत्र 91 काढू नका. शतकानुशतकं ख्रिस्ती माणसं रात्री झोपण्यापूर्वी ते म्हणत आली आहेत. 6व्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीतही ते रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेत आहे. फक्त ते कितीदा वाचलं याचा हिशेब सोडा. कमी वाचलं तर संरक्षण कमी पडेल असं वाटायला लागलं की वचनाचा ताईत होतो. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन उडी टाक म्हटलं, तेव्हा त्याने याच स्तोत्रातल्या ओळी ऐकवल्या होत्या, देवदूत तुला झेलतील म्हणून. येशूने त्या ओळी खोट्या ठरवल्या नाहीत, पण त्यांचा वापर देवाला बांधून घालण्यासाठी करायला नकार दिला. याच स्तोत्राच्या शेवटी देव म्हणतो, संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. म्हणजे या माणसावरही संकट येणार, हे स्तोत्रानेच धरून चाललंय.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. यावर फार लिहायची गरज नाही. यरुशलेमचा तट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याने शत्रूच्या भीतीने प्रार्थना केली आणि त्याच वाक्यात रात्रंदिवस पहाराही बसवला. 1527 मध्ये विटेनबर्गमध्ये प्लेग आला, तेव्हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर रुग्णांसाठी तिथेच राहिला, आणि त्याच काळात त्याने लिहिलं की मी देवाजवळ संरक्षण मागेन, मग घराला धुरी देईन, औषध देईन आणि घेईन, आणि माझी गरज नाही तिथे जाणं टाळेन. औषध नाकारणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं, असंच त्याचं मत होतं. तुमच्या मैत्रिणीशी मात्र भांडू नका. तिला बहुधा तुमचं दुःख पाहवत नसेल. पण हे दिवस जाईपर्यंत तिच्याशी या विषयावर बोलायचं टाळलंत तरी चालेल. तुमच्यासाठी प्रार्थना करणारं एखादं शांत माणूस शोधा, पाळकबाईंपैकी, वडीलधाऱ्यांपैकी. सल्ला न देता शेजारी बसेल असं.

‘कशाविषयीही चिंता करू नका’ हे फिलिप्पैकरांस पत्रातलं वचनही कुणी तुम्हाला ऐकवलं असेल. ते पत्र पौलाने बंदिवासात असताना लिहिलंय. वचन 4थ्या अध्यायात आहे, पण त्याआधी 2रा अध्याय वाचा. तिथे एपफ्रदीत नावाच्या सोबत्याबद्दल लिहिलंय, जो मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला होता. पौल म्हणतो, देवाने त्याच्यावर दया केली, आणि त्याच्यावरच नाही, माझ्यावरही, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून. म्हणजे तो गेला असता तर पौलाला दुःखावर दुःख झालं असतं, आणि हे लिहिताना त्याला संकोच वाटला नाही. चिंता करू नका म्हणणारा माणूस हाच. त्या वचनात देवाने दिलेलं अभिवचनही नीट पाहा : आपली मागणी देवाला कळवा, आणि देवाची शांती तुमची मनं राखेल. मन राखलं जाईल असं म्हटलंय. ती शांती मागा. ती एकदाच येऊन कायमची राहील असंही नाही. सकाळी असते, संध्याकाळी नसते. पुन्हा मागा.

मुलीबद्दल. ‘पप्पांना काही होणार नाही’ असं वचन तिला देऊ नका, विशेषतः देवाच्या नावाने तर नाहीच. तसं झालं नाही तर एका दिवसात तिचा तुमच्यावरचा आणि देवावरचा, दोन्ही विश्वास तडकतील. खरं तेवढं सांगा : पप्पांच्या पोटात गाठ आहे, डॉक्टर ती काढणार आहेत, ते चांगले डॉक्टर आहेत, मलाही थोडी भीती वाटते, आणि काहीही झालं तरी तू एकटी पडणार नाहीस. तिला कोण सांभाळेल, ऑपरेशनच्या दिवशी ती कुठे असेल, हेही सांगा. मुलांना या गोष्टींचा फार आधार वाटतो. मग तिला तिच्या शब्दांत प्रार्थना करू द्या. ती काही वेडंवाकडं बोलली, देवावर रागावली, तर मध्येच दुरुस्त करू नका. स्तोत्रसंहितेत याहून कडक बोलणं आहे.

आणि शेवटचं, यजमानांना सांगावं का? सांगा, ऑपरेशनची वाट न पाहता, याच आठवड्यात. तुम्ही हसतमुख राहता, तेही बहुधा तसेच राहत असतील आणि त्यांना वाटत असेल की हिला त्रास नको. मरणाची भीती मनात असताना घरात एकट्याने वावरणं फार जड असतं. मुलगी झोपल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि ‘मला भीती वाटते’ एवढंच म्हणा. त्यांना काय वाटतं ते विचारा आणि जे सांगतील ते मध्ये न बोलता ऐका. उपाय सुचवू नका, वचन सांगू नका, निदान पहिली काही मिनिटं तरी. मग दोघं मिळून प्रार्थना करा. ती तुम्हीच करायला हवी असं नाही. त्यांना करायची असेल तर त्यांना करू द्या, नाहीतर दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणा.